'नटसम्राट': रंगमंचीय शोकात्मिका आणि तिचे चित्रपटीय रूपांतर – एक तुलनात्मक विचार

गोषवारा
वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले आणि महेश मांजरेकर दिग्दर्शित त्याच नावाचा चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दोन्ही कृतींचे कथासूत्र सारखे असले तरी त्यांतील शोकाचे स्वरूप भिन्न आहे. नाटकातील शोक नायकाच्या स्वभावातून उगवतो. चित्रपटातील शोक त्याच्यावर झालेल्या अन्यायातून उगवतो. हा फरक कथनाची चौकट, नवे पात्र आणि अभिनय यांमधून कसा घडतो आणि अध्यापनाच्या दृष्टीने तो का महत्त्वाचा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द: शोकात्मिका, प्रमाद, माध्यमांतर, स्वगत, संबोधन.

१. प्रस्तावना

मराठी शोकात्मिकांचा विचार 'एकच प्याला'पासून सुरू होतो आणि 'नटसम्राट'पाशी येऊन थबकतो, असे सर्वसाधारणपणे म्हणता येते. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईच्या बिर्ला मातुश्री सभागृहात दि गोवा हिंदू असोसिएशनने या नाटकाचा पहिला प्रयोग सादर केला. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे होते. गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आणि कावेरीच्या भूमिकेत शांता जोग होत्या. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त आदी नटांनी गणपतरावांची भूमिका आपापल्या परीने साकारली. या नाटकासाठी शिरवाडकरांना १९७४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आज वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याची बेलवलकरांशी ओळख होते ती मात्र बहुधा नाना पाटेकर यांच्या रूपाने. चित्रपट त्याने पाहिलेला असतो, संहिता वाचलेली नसते आणि प्रयोग तर पाहण्यातच नसतो. परिणामी मूळ नाटकावरील प्रश्नाच्या उत्तरात चित्रपटातील रामभाऊ हे पात्र सहजपणे अवतरते. ही चूक गुण वजा करून सोडून देण्याजोगी नाही. नाटकाचा अर्थ चित्रपटाच्या चष्म्यातून वाचला जात असल्याची ती खूण आहे. म्हणून चित्रपट चांगला की नाटक चांगले, या नेहमीच्या वादात न शिरता, रूपांतर होताना शोकात्मिकेचे नेमके काय झाले, हा प्रश्न येथे विचारला आहे.

२. 'किंग लिअर' आणि 'नटसम्राट'

शिरवाडकरांचा शेक्सपिअरशी असलेला संबंध दीर्घकालीन होता. 'मॅक्बेथ'वरून 'राजमुकुट' आणि त्यानंतर 'ऑथेल्लो' अशी रूपांतरे त्यांनी 'नटसम्राट'पूर्वी केली होती. 'किंग लिअर' मराठीत आणण्याची कल्पना नानासाहेब फाटक यांच्या निमित्ताने पुढे आली. पण शिरवाडकरांनी रूपांतर न करता स्वतंत्र नाटक लिहिले. राजाच्या जागी निवृत्त नट आला आणि राज्याच्या जागी आयुष्यभराची मिळकत आली. हा बदल वरवर साधा वाटला तरी त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. राजाची सत्ता सिंहासनाबरोबर जाते. नटाची सत्ता त्याच्या वाणीत आणि देहात असते. ती निवृत्तीनंतरही त्याच्यापाशी उरते आणि घरात तिला जागा नसते.

आणखी दोन फरक लक्षात घेतले पाहिजेत. लिअर आपल्या मुलींची परीक्षा घेतो, त्यांच्याकडून प्रेमाची ग्वाही मागतो. गणपतराव काहीच मागत नाहीत. त्यांना ग्वाहीची गरज वाटत नाही. मुलांचे प्रेम त्यांनी गृहीत धरलेले आहे. दुसरे असे की, 'नटसम्राट'मध्ये कॉर्डेलिया नाही. वडिलांवर निःस्वार्थ प्रेम करणारे अपत्य नाटककाराने वगळले आहे. त्या प्रेमाचा भार पत्नी कावेरीवर आणि अखेरच्या भागात बूटपॉलिश करणाऱ्या राजा या मुलावर येतो. रक्ताच्या नात्याबाहेर सापडलेला हा आसरा नाटकाच्या आशयाचा महत्त्वाचा घटक आहे.

३. शोकात्म प्रमादाचे स्थान

ॲरिस्टॉटलच्या विवेचनात शोकात्म नायक हा सर्वथा निर्दोष नसतो आणि दुष्टही नसतो. त्याच्या हातून घडलेला प्रमाद त्याला विनाशाकडे नेतो. गणपतरावांचा प्रमाद कोणता? सारी मालमत्ता मुलांत वाटून टाकणे, हे नेहमीचे उत्तर आहे. ताट द्यावे पण पाट देऊ नये, हे व्यवहारज्ञान मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. गणपतराव ते मानत नाहीत, म्हणून त्यांच्यावर ही वेळ येते, असा बोध बहुतेक वाचक काढतात.

हे उत्तर अपुरे आहे. दान ही घटना आहे. प्रमाद त्यामागील वृत्तीत आहे. गणपतरावांचे देणे हेही एका अर्थी नटाचे देणे आहे. मोठ्या भूमिकेतून मोठ्या ऐटीत बाहेर पडावे, तशी ती एक्झिट आहे. पुढे मुलाच्या घरी नातीच्या संगतीवरून आणि आजोबांनी तिला लावलेल्या सवयींवरून कलह उठतो. मुलीच्या घरी पाहुण्यांसमोर, नोकरचाकरांसमोर त्यांची वाणी सैल सुटते. या प्रत्येक ठिकाणी ते घराला रंगमंच समजून वागतात. घरातल्या माणसांनी आपले प्रेक्षक व्हावे, ही त्यांची न बोललेली मागणी असते. चाळीस वर्षे टाळ्या घेतलेल्या माणसाला शांततेत राहणे जमत नाही. हे त्यांचे दौर्बल्य आहे आणि हीच त्यांची थोरवी आहे. दोन्ही एकाच मुळापासून फुटल्यामुळे नाटक शोकात्मिकेच्या पातळीवर जाते.

म्हणूनच नाटकातील मुले खलप्रवृत्तीची नाहीत. नंदा आणि नलू यांना आपापला संसार सांभाळायचा आहे. त्यांची वागणूक संकुचित आहे, प्रसंगी क्रूरही आहे, परंतु अनाकलनीय नाही. पैसे हरवल्यावर वडिलांवर संशय घेण्यापर्यंत मुलगी जाते, तेव्हा प्रेक्षक हादरतो. कारण तोवर तिच्या अडचणी त्याला थोड्याफार पटलेल्या असतात. अर्थात नाटकाच्या बाजूनेही एक उणीव नोंदविली पाहिजे. गणपतरावांच्या तुलनेत मुलांची पात्रे रेखीव झालेली नाहीत. त्यांना स्वतःचे दीर्घ भाषण नाही, स्वतःचे दुःख मांडण्याची संधी नाही. चित्रपटाने पुढे जो मार्ग धरला, त्याची बीजे या उणिवेत आहेत.

चित्रपटात पात्रांची नावे बदलली: मुलगा मकरंद, सून नेहा, मुलगी विद्या, जावई राहुल. कथानकाचे मुख्य टप्पे मात्र तेच राहिले. नायकाच्या वाणीची मोकळीक चित्रपटातही आहे. किंबहुना ती वाढलेली आहे. परंतु त्या मोकळिकीकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. चित्रपटात ती कलावंताच्या दिलदारपणाचे लक्षण ठरते आणि तिला हरकत घेणारी माणसे कोत्या मनाची ठरतात. ज्याचा दोष तोच त्याचा गुण, हा ताण सैल पडतो. प्रेक्षकाचा राग मुलांवर एकवटतो आणि नायकाविषयी निर्भेळ करुणा उरते. या करुणेची शक्ती मोठी आहे, पण ॲरिस्टॉटलने करुणेबरोबर जिचा उल्लेख केला ती भीती येथे क्षीण होते. आपल्याही स्वभावात असे काही असेल ही भीती नाटक पाहणाऱ्या वडीलधाऱ्याला स्पर्श करते. चित्रपट पाहून तो आपल्या मुलांचा विचार करू लागतो.

४. संबोधनाचा प्रश्न

दोन्ही कृतींतील खरा फरक श्रोता कोण, या प्रश्नाशी निगडित आहे. नाटकाचा प्रारंभ गणपतरावांच्या सत्काराच्या भाषणाने होतो. रंगमंचावरून ते बोलतात आणि नाट्यगृहात बसलेला प्रेक्षक हाच सत्काराला जमलेला समुदाय होतो. तिकीट काढून आलेल्या माणसाला पहिल्या काही मिनिटांतच भूमिका मिळते. त्याने बेलवलकरांना मोठे केले आहे, टाळ्या दिल्या आहेत, आणि आता तो त्यांना निरोप देत आहे. पुढच्या सर्व स्वगतांचा अर्थ या पहिल्या नात्यातून ठरतो. हॅम्लेटच्या छायेत जन्मलेले जगण्यामरण्याविषयीचे चिंतन असो किंवा घरासाठी केलेली याचना असो, ते उद्गार ज्यांच्यापुढे येतात ते श्रोते या माणसाच्या उतरणीचे केवळ साक्षीदार राहत नाहीत. ज्या समाजाने त्याला टाळ्यांची सवय लावली आणि नंतर विसरून टाकले, तो समाज म्हणजे आपणच, ही जाणीव प्रेक्षागृहात पसरते.

चित्रपटात सत्काराचा प्रसंग आहे, पण तेथे श्रोते पडद्यावर बसलेले आहेत. आपण भाषण करणारा नट पाहतो आणि भाषण ऐकणारा समुदायही पाहतो. आपली जागा तिसरी होते. शिवाय चित्रपटाने कथेला स्मरणाची चौकट दिली आहे. जळून गेलेल्या नाट्यगृहाच्या अवशेषांत एका तरुण रंगकर्मीला हा वृद्ध भेटतो आणि भूतकाळ उलगडत जातो. या चौकटीमुळे भग्न नाट्यगृह हे प्रभावी दृश्यप्रतीक हाती येते, हे खरे. परंतु ऐकणारा, समजून घेणारा, हळहळणारा एक माणूस पडद्यावरच हजर असल्याने प्रेक्षकाचे काम त्याने उरकलेले असते. प्रेक्षकाला फक्त त्याच्या बाजूला उभे राहायचे असते.

स्वगतांच्या बाबतीत हाच फरक अधिक तीव्र होतो. रंगभूमीवर स्वगत ही रूढ संकेतव्यवस्था आहे. नट एकटा असतो, तरी तो कोणाशी बोलतो असा प्रश्न पडत नाही. वास्तवदर्शी चित्रपटात रस्त्यावरचा माणूस मोठमोठ्याने अलंकारिक भाषेत बोलू लागला, तर त्यासाठी काही कारण द्यावे लागते. चित्रपटाने नटाची सवय, मद्याचा अंमल किंवा मनाचा तोल गेल्याची अवस्था अशी कारणे पुरविली आहेत. समीपदृश्यात चेहऱ्यावरची प्रत्येक थरथर दिसते, आणि ते या माध्यमाचे बलस्थान आहे. पण नाटकात ज्या भाषेने विश्वाला जाब विचारला, तीच भाषा येथे एका व्यक्तीच्या मनःस्थितीचे लक्षण म्हणून वाचली जाते.

५. रामभाऊ: वगळलेल्या उपकथानकाचे पुनरागमन

चित्रपटातील सर्वांत मोठी भर म्हणजे विक्रम गोखले यांनी साकारलेला रामभाऊ. गणपतरावांचा हा समवयस्क नटमित्र मूळ नाटकात नाही. दोघांची मैत्री, प्याल्याच्या साक्षीने रंगणाऱ्या त्यांच्या मैफली, परस्परांच्या अभिनयाची निर्दय चिकित्सा आणि अखेरीस रुग्णशय्येवरील कर्ण-कृष्ण प्रसंग हा चित्रपटाचा सर्वांत संस्मरणीय भाग आहे.

या भरीकडे पाहण्याचा एक वेगळा मार्ग सुचवावासा वाटतो. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये लिअरला समांतर असे ग्लॉस्टरचे उपकथानक आहे. एका वृद्धाचे दुःख दुसऱ्या वृद्धाच्या दुःखाशेजारी ठेवल्याने ते वैयक्तिक राहत नाही. शिरवाडकरांनी हे उपकथानक घेतले नाही. चित्रपटकर्त्यांनी रामभाऊच्या रूपाने, हेतुतः असो वा नसो, दुहेरी रचना परत आणली. नाटकापासून दूर जाताना चित्रपट या एका मुद्द्यावर नाटकाच्या मूळ प्रेरणेच्या जवळ गेला.

मात्र या रचनेची किंमतही मोजावी लागली. नाटकातील गणपतराव कलावंत म्हणून पूर्ण एकटे आहेत. कावेरी त्यांना जपते, पण त्यांच्या कलेचा मापदंड तिच्याजवळ नाही. त्यांचा अभिनय खरोखर किती मोठा होता, हे सांगणारा दुसरा आवाज नाटकात नाही. ते स्वतःविषयी जे सांगतात त्यावर प्रेक्षकाला विश्वास ठेवावा लागतो, आणि मधूनच शंकाही येते. या शंकेला नाटकात मोल आहे. चित्रपटात रामभाऊ हा जाणकार साक्षीदार मिळतो, शंकेला जागा उरत नाही. मैत्रीने गणपतरावांचे एकाकीपण उजळते आणि त्याच प्रमाणात ते कमी होते.

६. दोन अभिनेते, दोन अपेक्षा

डॉ. लागू हे व्यवसायाने शल्यचिकित्सक होते आणि वैद्यकीय व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ रंगभूमीकडे वळले होते. संयत, विचारप्रधान अभिनयाचा हा नट जुन्या वळणाच्या, वक्तृत्वप्रधान नटाची भूमिका करीत होता. त्यामुळे त्या प्रयोगात मराठी रंगभूमीच्या दोन पिढ्या एकाच देहात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. भूमिकेतील भव्यता आणि ती भव्यता कालबाह्य झाल्याची जाणीव या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोहोचत.

नाना पाटेकर हेही रंगभूमीवरून आलेले नट आहेत. जयवंत दळवी यांच्या 'पुरुष'मधील त्यांची भूमिका गाजली होती. परंतु चित्रपटाच्या प्रेक्षकाला ते 'अंकुश' (१९८६), 'प्रहार' (१९९१), 'क्रांतिवीर' (१९९४) यांतील संतप्त, व्यवस्थेला सुनावणारा नायक म्हणून परिचित आहेत. हा संचित प्रतिमाभार प्रेक्षक सोबत घेऊनच येतो. त्यामुळे गणपतराव बोलू लागताच अन्यायाविरुद्धचे भाषण ऐकण्याची त्याची तयारी झालेली असते. पाटेकरांच्या अभिनयाची ताकद निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो त्या ताकदीला मिळालेल्या दिशेचा. कावेरीच्या भूमिकेत मेधा मांजरेकर यांनी मात्र चित्रपटाचे माध्यम अचूक वापरले आहे. नाटकात शब्दांमागे राहणारी कावेरीची शांतता कॅमेऱ्याच्या सान्निध्यामुळे येथे स्वतंत्र पात्राइतकी ठळक होते.

७. माध्यमाची मर्यादा की निवड?

चित्रपट हे माध्यमच भावनिक आणि सर्वसमावेशक असल्याने शोकात्म प्रमादाला तेथे वाव नसतो, असा युक्तिवाद होऊ शकतो. तो टिकत नाही. अकिरा कुरोसावा यांनी 'रान' (१९८५) या चित्रपटात लिअरची कथा मध्ययुगीन जपानात नेली आणि मुलींच्या जागी मुलगे आणले. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्यांनी वृद्ध सरदार हिदेतोराला रक्तलांछित भूतकाळ दिला. ज्यांची घराणी त्याने उद्ध्वस्त केली, त्यांची लेकरे त्याच्या कुटुंबात सुना म्हणून वावरतात. शेक्सपिअरने लिअरच्या पूर्वायुष्याविषयी जे सांगितले नाही, ते चित्रपटाने सांगितले आणि नायकाचा दोष अधिक गडद केला. रूपांतरात प्रमाद विरघळलाच पाहिजे, असा नियम नाही.

मराठी चित्रपटाची निवड समजून घेण्यासाठी त्याआधीची परंपरा पाहावी लागते. मुलांनी दूर लोटलेल्या आईवडिलांची कथा 'बागबान' (२००३) सारख्या हिंदी चित्रपटांनी कौटुंबिक अश्रुपटाच्या साच्यात घट्ट बसविली होती. 'नटसम्राट' चित्रपट त्या साच्याहून कलात्मकदृष्ट्या पुष्कळ वरचा आहे; तरी त्याचा नैतिक नकाशा त्याच साच्यातून आला आहे. गुजराती 'नटसम्राट' (२०१८) आणि तेलुगू 'रंगमार्तांड' (२०२३) या पुढील आवृत्त्या पाहता हे कथानक भाषांच्या सीमा किती सहज ओलांडते, हे ध्यानात येते.

८. शोकात्मिका, कायदा आणि आपला परिसर

हा भेद केवळ साहित्यशास्त्रापुरता राहत नाही. हिंजवडी, वाकड, चिंचवड या पट्ट्यातील महाविद्यालयांत शिकविणाऱ्यांना तो रोजच्या जीवनात दिसतो. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील नोकरीमुळे येथे स्थिरावलेल्या मुलांकडे गावाकडचे आईवडील येऊन राहतात. कधी गावचे घर किंवा जमिनीचा तुकडा विकून सदनिकेला हातभार लावलेला असतो. गणपतरावांचा प्रश्न या सोसायट्यांत वेगळ्या भाषेत रोज उभा राहतो.

यावर कायद्याने एक उत्तर दिले आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ मधील कलम २३ नुसार, देखभालीच्या अटीवर केलेले मालमत्तेचे हस्तांतरण ती अट न पाळल्यास रद्द ठरविता येते. अट दस्तात स्पष्ट असावी काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २०२२ मधील सुदेश छिकारा प्रकरणात अटीच्या अस्तित्वावर भर देण्यात आला, तर जानेवारी २०२५ मधील ऊर्मिला दीक्षित प्रकरणात कायद्याच्या कल्याणकारी हेतूला धरून उदार अर्थ लावण्यात आला.

चित्रपटातील गणपतरावांना हा कायदा उपयोगी पडला असता, कारण त्यांच्यावर अन्याय झाला आहे आणि अन्यायाला न्यायालयात उपाय असतो. नाटकातील गणपतरावांना तो पुरा पडला नसता. घर परत मिळाले तरी त्या घरात त्यांना प्रेक्षक मिळाले नसते. अट घालून देणे हे त्यांच्या स्वभावातच बसत नाही. अट घालणारा माणूस नटसम्राट झाला नसता. कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही, तेथून शोकात्मिकेचे क्षेत्र सुरू होते. विद्यार्थ्याने केवळ चित्रपट पाहिला, तर वृद्धांची उपेक्षा ही मुलांच्या कृतघ्नतेची समस्या म्हणून त्याला समजेल. नाटक वाचले, तर दोन पिढ्यांतील माणसे परस्परांवर प्रेम करीत असूनही एका छताखाली का राहू शकत नाहीत, हा अधिक अवघड प्रश्न त्याच्यापुढे येईल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

एक, नाटकातील शोक नायकाच्या वृत्तीतून निर्माण होतो. चित्रपटात त्याचा उगम मुख्यतः इतरांच्या वर्तनात दाखविला आहे. दोन, नाटक प्रेक्षकाला संबोधित करून त्याला उत्तरदायी बनविते. चित्रपट स्मरणाच्या चौकटीतून त्याला सहानुभूतिदार बनवितो. तीन, रामभाऊच्या पात्रामुळे 'लिअर'मधील दुहेरी रचना परत येते, पण गणपतरावांचे एकाकीपण आणि त्यांच्याविषयीची शंका क्षीण होते. चार, हे बदल माध्यमाने लादलेले नाहीत. ते रूपांतरकारांनी केलेल्या निवडीचे फळ आहे.

चित्रपटाने हे कथानक नाट्यगृहाची पायरी न चढलेल्या लाखो प्रेक्षकांपर्यंत नेले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. अध्यापनात त्याला वर्ज्य मानण्याचे कारण नाही. मात्र तो संहितेच्या जागी न वापरता संहितेच्या शेजारी ठेवावा. सत्काराचे भाषण प्रथम वर्गात मोठ्याने वाचून घ्यावे, त्यानंतर चित्रपटातील तोच प्रसंग दाखवावा आणि या दोन वेळी आपण नेमके कोण होतो, एवढाच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. त्या उत्तरांमधून शोकात्मिका म्हणजे काय, हे व्याख्या पाठ करण्यापेक्षा अधिक नीट समजेल.